बीजपेशींतील मोडतोड आणि डागडुजी

खेचर हे ओझे वाहण्यात मोठे काटक जनावर; परंतु त्याला संतती होत नाही. घोडी आणि गाढव यांच्या संकरातून जन्मलेल्या या प्राण्याचा वंश, अत्यंत विरळ अपवाद सोडले तर, त्याच्याबरोबरच संपतो. ही गोष्ट माणसाला फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. ॲरिस्टॉटलने प्राण्यांच्या उत्पत्तीवरील आपल्या ग्रंथात तिचे कारण शोधण्याचा प्रयत्न केला होता; आणि संस्कृत नीतिवाङ्मयातही अश्वतरीने गर्भ धरणे म्हणजे स्वतःचे मरण ओढवून घेणे, असा दृष्टान्त आढळतो. खेचर निरोगी असते. त्याच्या भुकेत, बळात वा आयुष्यमानात काही उणे नसते. मग वंश पुढे चालविण्याच्या एकाच कामी त्याचे शरीर का अडावे? याचे उत्तर बीजपेशी तयार होताना घडणाऱ्या एका विलक्षण विभाजनात आहे. या विभाजनाचा अभ्यास करता करता शास्त्रज्ञ माणसाच्या वंध्यत्वाच्या काही कारणांपर्यंत येऊन पोहोचले, आणि डी.एन.ए.ची डागडुजी करणाऱ्या प्रथिनांचे एक अनपेक्षित कार्यही त्यांच्या ध्यानात आले.

माणसाच्या शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत ४६ गुणसूत्रे असतात. २३ आईकडून आलेली आणि २३ वडिलांकडून आलेली. अंडपेशी आणि शुक्रपेशी यांतही प्रत्येकी ४६ गुणसूत्रे असती, तर त्यांच्या मीलनातून होणाऱ्या मुलात ती ९२ झाली असती आणि नातवंडांत १८४. असे घडत नाही, याचा अर्थ बीजपेशी तयार होताना ही संख्या कोठेतरी निम्मी होत असली पाहिजे. बेल्जियममधील एदुआर व्हान बेनेदेन यांनी १८८३ मध्ये घोड्याच्या आतड्यातील जंताच्या बीजपेशी सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या, आणि नराकडून व मादीकडून येणाऱ्या गुणसूत्रांची संख्या खरोखरच निम्मी असते हे दाखविले. पुढे १८८७ मध्ये जर्मन जीवशास्त्रज्ञ आउगुस्ट वाइझमान यांनी असे प्रतिपादन केले, की प्रत्येक पिढीत संख्या निम्मी करणारे एक खास विभाजन असलेच पाहिजे. त्यालाच आज अर्धसूत्री विभाजन म्हणतात.

सामान्य पेशी विभागते तेव्हा प्रत्येक गुणसूत्राची एक नक्कल तयार होते आणि मूळ व नक्कल दोन पेशींत वाटली जातात. अर्धसूत्री विभाजनात नक्कल एकदाच होते, पण विभाजन मात्र दोनदा होते. यांपैकी पहिले विभाजन फार नाजूक आहे. त्यात आईकडून आलेले पहिल्या क्रमांकाचे गुणसूत्र वडिलांकडून आलेल्या पहिल्या क्रमांकाच्या गुणसूत्राशी जोडी जमविते, दुसरे दुसऱ्याशी, आणि याप्रमाणे सर्व जोड्या जमल्यावर प्रत्येक जोडीतील दोघे विरुद्ध दिशांना जातात. वाटणी बरोबर व्हावयाची तर आधी जोडी जुळली पाहिजे. घोड्याची गुणसूत्रे ६४ आणि गाढवाची ६२; म्हणून खेचराच्या वाट्याला ६३ येतात. त्यांतील सर्वांना जोडीदार नसतो. ज्यांना असतो त्यांची रचनाही एकमेकांशी पुरती जुळत नाही. परिणामी बहुतेक बीजपेशी याच टप्प्यावर अडून नष्ट होतात.

येथे एक प्रश्न साहजिकच उभा राहतो. ज्या प्राण्यांत जोड्या जमतात, त्यांत तरी त्या कशा जमतात? माणसाच्या एका पेशीतील डी.एन.ए.चे सर्व धागे एकापुढे एक ठेवले तर त्यांची लांबी सुमारे २ मीटर भरेल. एवढा धागा मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढ्या केंद्रकात कोंबलेला असतो. त्या गुंत्यात ४६ गुणसूत्रांनी आपापला जोडीदार हुडकून काढावयाचा असतो. गुणसूत्राला डोळे नाहीत. आपल्यासारखा मजकूर कोणाजवळ आहे हे त्याने ओळखावयाचे कसे? सस्तन प्राण्यांत निसर्गाने यासाठी योजलेला मार्ग मोठा धाडसाचा आहे. बीजपेशी आपलाच डी.एन.ए. जागोजागी तोडते.

या धाडसाची कल्पना येण्यासाठी डी.एन.ए. तुटणे म्हणजे काय हे समजून घेतले पाहिजे. डी.एन.ए. हा दोन पेडांचा गोफ आहे. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण, क्ष-किरण आणि पेशीत नित्य चालणाऱ्या रासायनिक क्रिया यांमुळे त्याला सतत इजा पोहोचत असते. एकाच पेडाला इजा झाली तर समोरचा पेड शाबूत असतो आणि त्याच्या आधाराने दुरुस्ती करता येते. ही दुरुस्ती कशी होते याचा उलगडा केल्याबद्दल टोमास लिंडाल, पॉल मॉड्रिच आणि अझीझ सॅंजार यांना २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. परंतु दोन्ही पेड एकाच ठिकाणी तुटले, तर ते संकट फार गंभीर असते. पोथीचे पान फाटून त्यातील चार ओळी गळाल्या, तर त्या भरून काढण्यास त्याच पोथीची दुसरी प्रत लागते. पेशीजवळ अशी दुसरी प्रत असेल तर तिच्यावरून गळालेला मजकूर पुन्हा लिहिता येतो. प्रत वेळेवर मिळाली नाही, तर पेशी मरते किंवा चुकीची टोके एकमेकांस जोडली जाऊन कर्करोगाचे बीज पडते.

बीजपेशी आपल्यावर हेच संकट मुद्दाम ओढवून घेते. आणि एकदा नव्हे, शेकडो ठिकाणी. जनुकांच्या अदलाबदलीची सुरुवात अशा दुहेरी तुटीतून होत असावी, ही कल्पना जॅक शॉस्टाक, टेरी ऑर-वीव्हर, रॉडनी रॉथस्टीन आणि फ्रँकलिन स्टाल यांनी १९८३ मध्ये मांडली. तूट कोण करतो हे मात्र १९९७ मध्ये उलगडले. स्कॉट कीनी, क्रेग जिरू आणि नॅन्सी क्लेक्नर यांना यीस्ट या साध्या बुरशीत तुटलेल्या टोकांना चिकटून राहिलेले एक प्रथिन सापडले. त्याचे नाव स्पो-११. पुढे २००० मध्ये हे प्रथिन नसलेले उंदीर प्रयोगशाळेत तयार करण्यात आले. त्यांच्या बीजपेशींत तूट होत नव्हती, आणि तूट नसल्यामुळे गुणसूत्रांच्या जोड्याही नीट जमत नव्हत्या. ते उंदीर वंध्य निघाले. ज्या मोडतोडीपासून शरीर एरवी जिवापाड दूर राहते, तिच्यावाचून उंदराचा वंश चालत नाही, हे या प्रयोगाने सिद्ध झाले.

तूट झाल्यावर पुढे जे घडते ते डागडुजीच्या प्रथिनांचे काम होय. उंदराच्या एका बीजपेशीत सुमारे २०० ते ३०० तुटी होतात. प्रत्येक तुटीच्या दोन्ही बाजूंस एकेक पेड थोडा कुरतडला जातो आणि दुसऱ्या पेडाचे टोक मोकळे लोंबत राहते. या मोकळ्या टोकावर रॅड-५१ आणि डीएमसी-१ ही दोन प्रथिने ओळीने बसतात. यांतील रॅड-५१ शरीराच्या सर्व पेशींत असते; डीएमसी-१ हे अर्धसूत्री विभाजनासाठीच राखून ठेवलेले आहे. या प्रथिनांनी मढविलेले टोक मग गुंत्यात शिरते आणि आपल्याशी जुळणारा मजकूर शोधू लागते. एरवी पेशी दुरुस्तीसाठी नुकतीच झालेली नक्कल वापरते, कारण ती अगदी लगत असते. बीजपेशीत मात्र तो जवळचा आधार बहुधा टाळला जातो आणि दुसऱ्या पालकाकडून आलेले गुणसूत्र गाठले जाते. दोन्ही प्रती एकाच पोथीच्या. पण त्यांत ठिकठिकाणी पाठभेद असतात. अशा शेकडो टोकांनी एकाच वेळी शोध घेतला की दोन गुणसूत्रे हळूहळू शेजारी येतात, आणि मग त्यांच्यामध्ये प्रथिनांची एक लांबलचक शिवण घातली जाते. ही शिवण माँट्रोझ मोझेस आणि डॉन फॉसेट यांनी १९५६ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने स्वतंत्रपणे पाहिली होती. तिच्या अलीकडे काय घडते हे कळण्यास मात्र आणखी चाळीस वर्षे जावी लागली.

डीएमसी-१ नसलेल्या उंदरांचे वर्णन १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांच्या बीजपेशींत तुटी होतात, पण शोध होत नाही. म्हणून जोडी जमत नाही आणि नर व मादी दोन्ही वंध्य राहतात. रॅड-५१ आणि डीएमसी-१ यांना तुटलेल्या टोकापर्यंत पोहोचविणारे प्रथिन म्हणजे बीआरसीए-२. स्त्रियांच्या स्तनाच्या व अंडाशयाच्या कर्करोगाच्या संदर्भात हे नाव पुष्कळांच्या कानांवरून गेले असेल. ज्या स्त्रीत या जनुकाची एक प्रत सदोष असते, तिला हे कर्करोग होण्याचा धोका पुष्कळच वाढतो. उंदराच्या गर्भात दोन्ही प्रती नसल्या तर तो जन्मास येण्यापूर्वीच मरतो. त्यामुळे प्रजननातील त्याचे कार्य तपासणे कठीण होते. श्याम शरण आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर एक युक्ती योजली. त्यांनी उंदराचे स्वतःचे जनुक काढून त्याच्या जागी माणसाचे जनुक कार्य करील अशी व्यवस्था केली. या जनुकाने गर्भ वाचविला; परंतु वृषणात व अंडाशयात ते पुरेसे कार्य करीत नव्हते. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगातील उंदीर जगले, वाढले, पण त्यांची बीजपेशींतील डागडुजी अपुरी राहिली आणि नर वंध्य झाले. माणसातही २०१८ मध्ये एका कुटुंबातील दोन बहिणींचे उदाहरण नोंदले गेले. त्यांच्यात या जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष होत्या आणि त्यांच्या अंडाशयांची वाढच झाली नव्हती.

तोडणे आवश्यक असले तरी ते बेताचे हवे. या बाबतीत दोन नियंत्रणे विशेष महत्त्वाची आहेत. पहिले नियंत्रण संख्येचे. एटीएम नावाचे प्रथिन तुटलेले टोक दिसताच धोक्याची सूचना देते आणि स्पो-११ ला आवर घालते. २०११ मध्ये असे दिसून आले, की एटीएम नसलेल्या उंदरांत तुटींचे प्रमाण दहा पटींहून अधिक वाढते. दुसरे नियंत्रण जागेचे. माणसात आणि उंदरात तूट कोठे व्हावी हे पीआरडीएम-९ हे प्रथिन ठरविते, असे २०१० मध्ये निष्पन्न झाले. त्याच्या आदल्याच वर्षी प्राग येथील यिरी फोरेट यांच्या गटाने हेच जनुक वेगळ्याच मार्गाने गाठले होते. उंदरांच्या दोन उपजातींचा संकर केला असता काही नर वंध्य निपजतात. त्या वंध्यत्वाला हे जनुक कारणीभूत होते. दोन उपजातींच्या गुणसूत्रांवर तुटीच्या जागा जुळत नाहीत, म्हणून डागडुजी खोळंबते आणि जोडी फसते. २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी उंदराच्या पीआरडीएम-९ मधील जागा ओळखणारा भाग बदलून तेथे माणसाच्या प्रथिनातील भाग बसविला. तेव्हा त्या संकरित नरांची प्रजननक्षमता परत आली. खेचराच्या बाबतीत गुणसूत्रांच्या संख्येचा व रचनेचा भेद फार मोठा आहे, म्हणून तेथे असा सोपा उपाय संभवत नाही. तथापि दोन जातींमधील भिंत कोठे उभी राहते, याची एक खूण या उंदरांनी दाखवून दिली.

जोडी जमली म्हणजे काम संपले असे नव्हे. दोनतीनशे तुटींपैकी बहुतेक ठिकाणी समोरच्या प्रतीवरून थोडा मजकूर उतरवून घेतला जातो आणि टोके परत आपल्या जागी जोडली जातात. उंदरात केवळ २० ते २५ ठिकाणी आणि माणसाच्या पुरुष-बीजपेशीत सुमारे ५० ठिकाणी दोन गुणसूत्रांचे मोठे तुकडे एकमेकांत बदलले जातात. या विनिमयामुळेच एकाच आईबापांची मुले एकमेकांहून वेगळी होण्यास मोठा हातभार लागतो. परंतु त्याचे दुसरे काम अधिक निकडीचे आहे. फुगडी खेळणाऱ्या दोन मुली एकमेकींचे हात घट्ट धरून मागे झुकतात, म्हणूनच त्यांचा तोल राहतो. हात सुटले तर दोघी कोठेही पडतील. विनिमयाच्या जागी गुंतलेली दोन गुणसूत्रे अशीच एकमेकांना धरून असतात. पेशीचे तंतू त्यांना विरुद्ध बाजूंस ओढतात तेव्हा तो ताण निर्माण होतो, आणि त्या ताणावरूनच मांडणी बरोबर झाल्याचे पेशीला कळते. म्हणून प्रत्येक जोडीत निदान एक विनिमय व्हावा लागतो. पुरुषातील एक्स आणि वाय या गुणसूत्रांची पंचाईत येथे विशेष होते. त्यांचा परस्परांशी जुळणारा मुख्य भाग अगदी टोकाशी असलेला एक लहानसा पट्टा आहे, आणि तेवढ्यातच तूट, शोध आणि विनिमय हे सर्व साधावे लागते.

कोणत्या तुटीचे विनिमयात रूपांतर व्हावयाचे हे ठरविणारी प्रथिने वेगळ्याच घराण्यातील आहेत. मॉड्रिच यांना ज्या संशोधनाबद्दल नोबेल मिळाले ते डी.एन.ए.ची नक्कल होताना राहिलेल्या चुका दुरुस्त करणाऱ्या प्रथिनांविषयी होते. म्हणजे जणू पेशीतील मुद्रितशोधकच. याच घराण्यातील एमएसएच-४ आणि एमएसएच-५ या दोघांनी मुद्रितशोधन सोडून विनिमयाच्या जागा राखण्याचे काम पत्करले आहे. त्यांच्यामागून एमएलएच-१ आणि एमएलएच-३ ही जोडी येते आणि गुंतलेले धागे योग्य ठिकाणी कापून विनिमय पुरा करते. १९९६ मध्ये एमएलएच-१ नसलेल्या उंदरांचा अभ्यास झाला, तेव्हा त्यांना अर्बुदे होतात हे अपेक्षितच होते. माणसात या जनुकातील दोषाने मोठ्या आतड्याचा आनुवंशिक कर्करोग होतो हे १९९४ मध्येच कळले होते. अनपेक्षित होते ते त्यांचे वंध्यत्व. त्यांची गुणसूत्रे जोडीने शिवली जात, पण शिवण उसवताच हात सुटल्याप्रमाणे ती विलग होत.

या सर्व कामावर पेशीतील परीक्षकांची नजर असते. डागडुजी अपुरी राहिली तर बीजपेशीला पुढे जाऊ दिले जात नाही. नरात हा परीक्षक कडक आहे. परंतु त्याला ते परवडते, कारण वृषणात नव्या बीजपेशी वयात आल्यापासून सतत तयार होत असतात. स्त्रीची गोष्ट वेगळी आहे. तिच्या अंडपेशींचे अर्धसूत्री विभाजन ती स्वतः आईच्या उदरात असतानाच सुरू होते. तोडणे, शोधणे, विनिमय, सारे जन्मापूर्वीच उरकते. आणि मग ते विभाजन मध्येच थांबते ते एकेका अंडपेशीची पाळी येईपर्यंत, म्हणजे कधी पंधरा वर्षे तर कधी चाळीस. गर्भावस्थेच्या मध्यास साठसत्तर लाख असलेल्या अंडपेशी जन्माच्या वेळी दहा ते वीस लाख उरतात, वयात येताना तीनचार लाख, आणि त्यांपैकी साऱ्या आयुष्यात परिपक्व होऊन बाहेर पडतात त्या चारपाचशेच. या दीर्घ मुक्कामात गुणसूत्रांना धरून ठेवणारी बंधने सैल पडत जातात. ज्या जोडीत विनिमय झाला नाही किंवा तो नको त्या जागी झाला, तिची वाटणी चुकण्याचा धोका मोठा असतो. आणि आईच्या वयाबरोबर वाटणीतील चुकाही वाढत जातात. १९५९ मध्ये जेरोम लजून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डाउन विकाराच्या मुलांत एकविसावे गुणसूत्र तीन वेळा असते हे प्रसिद्ध केले, ते अशाच चुकीचे उदाहरण होय. गर्भारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत होणाऱ्या गर्भपातांपैकी निम्म्याच्या आसपास गर्भांत गुणसूत्रांचा काहीतरी दोष आढळतो.

मादीतील परीक्षकाचे नाव सीएचके-२. दुरुस्त न झालेल्या तुटी दिसल्या की ते अंडपेशीला मरणाचा मार्ग दाखविते. २०१४ मध्ये असे दिसले, की डागडुजीत दोष असलेल्या उंदराच्या काही माद्यांतून हे प्रथिन काढून टाकले, तर त्यांच्या अंडपेशी वाचतात आणि त्यांना पिल्लेही होतात. २०२१ मध्ये सुमारे २ लाख स्त्रियांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रजोनिवृत्तीच्या वयाशी संबंधित अशा २९० जागा त्यात आढळल्या, आणि त्यांतील पुष्कळ जागी डी.एन.ए.च्या डागडुजीशी निगडित जनुके होती. ज्या स्त्रियांत सीएचके-२ ची एक प्रत निकामी होती, त्यांची पाळी सरासरीने सुमारे साडेतीन वर्षे उशिरा थांबली होती. हे ऐकून परीक्षकाला दूर सारण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. पण याच जनुकातील दोषाने स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो, हेही विसरता येत नाही. शिवाय अंडपेशी वाचली तरी तिच्यातील दोष पुढच्या पिढीच्या पदरात पडेल की काय, हा प्रश्न उरतोच. कर्करोगाच्या उपचारांत तरुण मुलींच्या अंडपेशी वाचविण्याच्या दृष्टीने या प्रथिनाला तात्पुरते थोपविण्याचे प्रयोग प्राण्यांत चालू आहेत. त्यांचा उपयोग माणसात करण्यापूर्वी या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागेल.

प्रजननाच्या अडचणी विरळा नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार सहा प्रौढ व्यक्तींमागे सुमारे एकीला आयुष्यात केव्हा ना केव्हा वंध्यत्वाला तोंड द्यावे लागते. त्याची कारणे अनेक आहेत, आणि अर्धसूत्री विभाजनातील बिघाड हे त्यांपैकी एक. ज्या पुरुषांच्या वीर्यात शुक्रपेशीच नसतात, त्यांतील काहींत टेक्स-११ या विनिमयाशी संबंधित जनुकाचा दोष २०१५ मध्ये सापडला. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. म्हणजे पुरुषाला ते आईकडून मिळते, आणि आईला स्वतःला त्याचा त्रास झालेला नसतो. अकाली पाळी थांबलेल्या काही स्त्रियांत एमसीएम-८, एमसीएम-९ आणि एमएसएच-५ या डागडुजीच्या जनुकांतील दोष आढळले आहेत. अशा पुष्कळ कुटुंबांत आईवडील एकमेकांचे रक्ताचे नातलग होते. कारण दोघांकडून एकच सदोष प्रत येण्याचा संभव नात्यातील विवाहात वाढतो. महाराष्ट्रात आतेमामे भावंडांची आणि दक्षिणेत मामाभाचीची लग्ने परंपरेने चालत आली आहेत, तेथे ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. अशा दोषांवर जनुक दुरुस्त करणारा उपचार आज उपलब्ध नाही. निदानाचा लाभ मात्र पुष्कळ आहे. त्यायोगे निष्फळ औषधोपचार व शस्त्रक्रिया टळतात, बहिणभावंडांना वेळीच सल्ला मिळतो, आणि जेथे दोष कर्करोगाशीही निगडित असतो तेथे रोग जडण्यापूर्वीच तपासणी सुरू करता येते.

मूल न झालेल्या स्त्रीला भारतीय समाजाने एक कठोर शब्द दिला. पुरुषाला तो तितक्या सहजपणे कधी लावला गेला नाही. दुसऱ्या लग्नाची बोलणी, नवससायास, शुभकार्यात मागे उभे राहणे, हे सारे बहुधा तिच्याच वाट्याला आले. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांत पुरुषाकडील कारणही असते, हे वैद्यकाने दाखवून दिले आहे. बीजपेशींच्या अभ्यासाने त्यात एक भर घातली. स्पो-११ ची तूट आणि डीएमसी-१ चा शोध, दोन्ही नरात आणि मादीत सारखेच लागतात, आणि त्यात जन्मापूर्वीपासून असलेल्या बिघाडाला कोणाच्या आचरणाचा वा नशिबाचा संबंध नसतो. जी माणसे आज जिवंत आहेत, ती प्रत्येक जण दोन अशा बीजपेशींतून आलेली आहेत, ज्यांच्या पूर्वज पेशींत शेकडो ठिकाणी मोडतोड झाली होती आणि बहुतेक सारी वेळेवर सांधली गेली होती. ज्यांच्या बाबतीत ती सांधली गेली नाही, त्यांना दोष देण्याऐवजी त्यांच्यासाठी वैद्याचे दार वेळीच उघडे राहील असे पाहणे, हेच या ज्ञानाला शोभण्यासारखे आहे.